रोखठोक यांना, जरा सविस्तर

मागच्या पोस्टवर 'रोखठोक' या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या पेठेतल्या पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी आम्ही काही जणांनी सुट्टीत समुद्रातल्या जिवांवर शिबिर घेतलं, त्याची ती हकिकत होती. त्यावर रोखठोक लिहितात:

"मॅडम, सोलापुरात समुद्र आणलात, अभिनंदन! जिथं नळाला पाच दिवसांआड पाणी येतं तिथं पोरांना देवमासे दाखवून काय करायचंय? आधी उजनी दाखवा. व्हीआर चष्मा म्हणजे मोबाईलचाच थोरला भाऊ. खर्च किती आला, कुणी दिला? मुलांना आधी काय येत होतं आणि नंतर काय आलं हे तपासलं का? बाकी चित्रं रंगवून विज्ञान येत नसतं. हा रिटायर लोकांचा टाइमपास."

प्रतिक्रिया आली तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. त्या वेळी जागं राहून दुसऱ्याच्या टाइमपासवर लिहिणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते मी वाचकांवर सोडते. टीकेचं मला वावडं नाही. वर्गात चाळीस जोडी डोळे रोज आपली परीक्षा घेत असतात, तिथं आयुष्य गेलंय माझं. पण टीका करायची तर खाली नाव लिहावं. 'अभिनंदन' म्हणून सुरुवात करायची आणि शेवटी वय काढायचं, ही कुठली रोखठोक पद्धत? रोखठोक माणूस समोर येऊन बोलतो.

असो. एक गोष्ट मान्य करून टाकते, नाहीतर म्हणाल बाईंना स्वतःचंच खरं करायचंय. पोस्टमधल्या फोटोंत मुलांपेक्षा पाहुण्यांचे चेहरे जास्त होते. ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण लिहिलं असतंत तर पटलं असतं.

आता "चित्रं रंगवून विज्ञान येत नसतं" याबद्दल. हे वाक्य मी कितीतरी स्टाफरूममध्ये ऐकलंय. बोलणारे बहुतेक वेळा असे, ज्यांनी स्वतः एका माशाचं चित्र कधी काढलेलं नसतं.

आम्ही काय केलं ते ऐका. बाजारातून बर्फातलं एक पापलेट आणलं आणि उजनी धरणातली एक चिलापी. दोन्ही एका ताटात शेजारी ठेवली आणि मुलांना सांगितलं, दिसतं तसं काढा. सातवीतल्या एका मुलीनं पापलेट सुरेख काढलं आणि पोटाखाली परांची एक जोडीही काढली. मी म्हटलं, "दाखव बरं कुठंय ती." तिनं मासा उलटा केला, सुलटा केला, बोटानं चाचपला. जोडी नव्हतीच. चिलापीला होती. "मॅडम, याला द्यायचीच राहिली की वो!" सगळ्या माशांना असते असं धरून हातानं चित्रात काढली होती, डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पापलेटाच्या पोटाखाली ती जोडी नसते, हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर तिनं वहीत उतरवलं असतं आणि पेपर झाल्यावर विसरली असती. आता विसरणार नाही. पापलेट हा २०२३ पासून आपला राज्य मासा आहे, हेही तिला त्याच दिवशी कळलं. पण ते काय, सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही मिळतं.

दुसरं. मुलांनी खोल समुद्रातले मासे रंगवले. एका पोरानं भडक लाल रंगवला. खोल अंधारात एवढा लाल मासा कशाला असेल, म्हणून बाकीचे हसले. मग खिडकीला जाड निळा जिलेटिन कागद लावला, दार लावून घेतलं आणि चित्र आत नेलं. लाल मासा काळा ठिक्कर. "कुठं गेला बे तुझा मासा?" असा एकच गिल्ला झाला. पाणी लाल उजेड सगळ्यात आधी शोषून घेतं, पहिल्या दहा-पंधरा मीटरांतच तो जवळपास संपतो. खाली उरतो निळा, आणि निळ्या उजेडात लाल अंग म्हणजे अंधारच. म्हणून खोलातले कितीतरी प्राणी खरोखरच लाल असतात, लपायला सोयीचं पडतं. हे ज्याला सगळ्यात आधी कळलं त्या मुलाचे वडील सूत रंगवण्याच्या कारखान्यात आहेत. ट्यूबलाइटखाली पसंत केलेली छटा उन्हात वेगळी दिसते, हे तो घरी ऐकत आलाय. रोखठोक, सोलापूरच्या पोराला रंगातून विज्ञान येत नसतं असं तुम्ही सोलापुरात राहून म्हणता, याची मला खरंच गंमत वाटते.

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्यांचा मुलगा रुडॉल्फ हे काचकाम करणारे बापलेक होते. ड्रेस्डेनही आपल्यासारखंच समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. त्या काळी संग्रहालयांपुढे एक अडचण होती. जेलीफिश किंवा समुद्रफूल स्पिरिटच्या बरणीत ठेवलं की त्याचा रंग जायचा, आकार बसायचा, उरायचा नुसता गोळा. त्यावरून विद्यार्थ्यांना काय शिकवणार? ब्लाश्कांनी १८६३ पासून हे प्राणी काचेचे घडवायला घेतले. आधी पुस्तकांतली चित्रं बघून, पुढं घरातल्या टाकीत जिवंत प्राणी पाळून, त्यांच्याकडे बघत बघत. जगभरच्या विद्यापीठांनी ते शिकवण्यासाठी विकत घेतले. कॉर्नेल विद्यापीठात आणि डब्लिनच्या संग्रहालयात ते आजही आहेत. आता या बापलेकांचाही टाइमपासच म्हणायचा का? रिटायर तर ते झालेले नव्हते.

माझं स्वतःचंही सांगते, आत्मस्तुतीचा आरोप होणार हे धरून. वडील गिरणीत कामाला, आम्ही चाळीत. बी.एस्सी. होईपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, रक्तात तांबं असल्यानं ते निळं असतं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. मार्कही चांगले पडले. पुढं लग्नानंतर अलिबागला गेलो. काल ज्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता आलं, त्याच वेळी आज गुडघाभर पाणी का, हे नवऱ्यानं विचारलं आणि मला सांगता आलं नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, हे कुठल्याशा धड्यात होतंच की! चित्र न काढता, हात न लावता शिकलेलं विज्ञान कसं असतं, याचा नमुना हवा असेल तर मी आहे. त्यामुळं या विषयात मला कुणी शिकवायला येऊ नये.

उजनीचं म्हणाल तर उजनी या मुलांनी पाहिलेली आहे, तुम्ही सांगायची वाट बघत बसलो नव्हतो. उलट तिथंच विचारलं होतं, हे पाणी शेवटी कुठं जातं? सगळे ओरडले, कोकणात, अरबी समुद्रात! पण उजनी भीमेवर, भीमा रायचूरकडं कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. सोलापुरात समुद्र नाही म्हणता, पण सोलापूरच्या गटारीला समुद्र बरोबर सापडतो. आणि मंगळवार बाजारात सुकट, जवळा, बोंबील कुठून येतात? आम्ही मूठभर जवळा पांढऱ्या कागदावर पसरून मुलांना भिंगं दिली. टाचणीनं एकेक बाजूला करत बसली होती. त्यात बोटाच्या पेराएवढी माशांची पिल्लं निघाली, खेकड्याची एक नांगी निघाली, वाळून कागदासारखं झालेलं म्हाकूलाचं, म्हणजे स्क्विडचं, पिल्लू निघालं. बारीक जाळ्यात नको ते काय काय सापडतं, हे मुलांनी स्वतः मोजून तक्त्यात भरलं. वास फार येत होता, हे खरं.

व्हीआर चष्म्याबद्दल वाद घालत नाही. तो एकच होता, उसना आणलेला, आणि प्रत्येकाच्या वाट्याला जरा जराच आला. मुलं रमली ती कासवाच्या नकाशात. कोकणात वेळासला जानेवारी २०२२ मध्ये 'प्रथमा' या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं होतं. पुढच्या वर्षी गुहागरला 'बागेश्री'ला बसवलं. बागेश्री दक्षिणेकडं निघाली आणि श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली. भीमेचं पाणी जातं तिथंच, हे एका मुलानं न सांगता ओळखलं. यंत्र नसतं तर हे कळलंच नसतं. मोबाईलचा थोरला भाऊ म्हणून सगळ्याच यंत्रांना हिणवायचं असेल तर तुमची प्रतिक्रिया तुम्ही पोस्टकार्डावर पाठवायला हवी होती.

राहिला खर्च. तो वर्गणीतून झाला आणि हिशोब वर्गणीदारांना दिलेला आहे. तुम्ही त्यांत असाल तर विचारा, नसाल तर चौकशी कशाला? आणि मुलांना आधी काय येत होतं, नंतर काय आलं, हे तपासलं का, तर नाही. नोकरीभर गठ्ठेच्या गठ्ठे तपासले, आता सुट्टीतल्या पोरांनाही चाचणी लावू? नळाच्या पाण्याबद्दल मी काही करू शकत नाही, तो प्रश्न महापालिकेला विचारा. तिथंही नाव लिहावं लागेल.

या विषयावर माझ्याकडून एवढंच. यापुढं निनावी प्रतिक्रिया इथं छापल्या जाणार नाहीत.

येत्या रविवारी सकाळी चिलापीला रंग लावून जुन्या चादरींवर माशांचे ठसे उठवायचे आहेत, खवल्यांची ओळ न ओळ उमटते. रोखठोक, तुम्हीही या. फुकट आहे, त्यामुळं खर्चाचा प्रश्न येत नाही. येताना टाकाऊ शर्ट घालून या, रंग पक्का आहे.