सोंगणीच्या दिवसांत पोरीची शाळा बुडवू नका

पोळा झाला, महालक्ष्म्या जेवून गेल्या, पित्रं आटोपली, की आमच्याकडे विदर्भात घराचं वेळापत्रक सोयाबीन ठरवतं. पानं पिवळी पडून गळायला लागली की कुणी कुणाला सांगत नाही, विळ्यांना धार लागते, थ्रेशरवाल्याला फोन सुरू होतात, ताडपत्री उलगडून तिची भोकं पाहिली जातात. पाऊस जातो जातो म्हणतो आणि दसऱ्याच्या तोंडावर पुन्हा एखादी सर टाकून जातो. वाळलेल्या शेंगेवर पाणी पडलं तर शेंगेतच कोंब फुटतात, आणि ऊन चांगलं तापलं तर शेंगा तडकून दाणे जमिनीवर. पीक हाती आलं की थांबता येत नाही, हे मला कुणी समजवायची गरज नाही. आमच्याही घराचं पोट सोयाबीन आणि कपाशीच्या चार एकरांवरच आहे.

मला बोलायचं आहे ते या दिवसांत घरात काय होतं त्याबद्दल. कारण दरवर्षी तेच होतं आणि आपण सगळे ते पाहून न पाहिल्यासारखं करतो.

सोंगणी, म्हणजे सोयाबीनची कापणी, बहुतेक गुत्त्यानं, ठेक्यानं असते. एकराचा भाव ठरतो आणि एक वावर लवकर निघालं तर दुसरं धरता येतं. पहाटे दव असतं तोवर शेंग कमी तडकते, म्हणून बाया अंधारातच बॅटरी घेऊन निघतात. माय पाचला घराबाहेर पडली की मागे राहतं शेणपाणी, सडा, पाणी भरणं, भाकरी, आजीचं औषध आणि एक दीड-दोन वर्षांचं लेकरू. हे सगळं कुणाच्या वाट्याला येतं? सहावी-सातवीत शिकणाऱ्या थोरल्या पोरीच्या. तिच्याहून मोठा भाऊ घरात असला तरी तिच्याच. भाऊ दप्तर उचलून जातो, आणि ती दारात लेकरू कडेवर घेऊन उभी असते. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस शाळेत जाणाऱ्या पोरींसाठी गावात येते, तिकीटही लागत नाही, आणि या दिवसांत त्या बसमधल्या जागा रिकाम्या जातात.

"आठ दिवसाचीच तं गोष्ट आहे," असं म्हणतात. नसते ती आठ दिवसांची. सोयाबीनची गंजी लागते न लागते तोवर कपाशी फुटलेली असते. वावरात दही-भात नेऊन सीतादहीची पूजा केली की कापसाची वेचणी सुरू. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे जितका वेळ वावरात तितके पैसे, त्यामुळे माय संध्याकाळी दिवे लागल्यावरच परत येते. ही वेचणी दिवाळीच्या पुढे कितीतरी चालते. फरदड, म्हणजे त्याच कपाशीचा पुढचा बहार, ठेवली तर होळीपर्यंतही. मधे सहामाही परीक्षा येऊन जाते. गणितात अपूर्णांक नेमके त्या आठवड्यात शिकवले गेले असतील, तर त्या पोरीला ते पुढे कुणी शिकवत नाही. दिवाळीनंतर ती वर्गात बसते तेव्हा फळ्यावरचं तिला कळेनासं झालेलं असतं, आणि मग ती स्वतःच म्हणते, "मले नाई जमत शाळा." तेव्हा आपण म्हणतो, पोरीला शिक्षणाची आवडच नाही! हे मला सहन होत नाही.

शिवाय शाळा बुडाली की दुपारचा पोषण आहारही बुडतो. घरी तिनं सगळ्यांना वाढून उरलं ते खायचं.

गरिबी आहे, मजूर लावायला पैसे नाहीत, हे खरंच आहे. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये क्विंटल जाहीर झाला, पण नुकतं काढलेलं सोयाबीन बाजारात नेलं की ओलावा 12 टक्क्यांच्या वर आहे म्हणून भाव पाडून मागतात. वाळवून ठेवायला सवड कुणाला आहे? दुकानाची उधारी आणि दिवाळी दोन्ही डोक्यावर असतात. म्हणून घरची बाई आपलं वावर सोंगते आणि दुसऱ्याच्याही जाते. तिनं जाऊ नये असं मी कसं म्हणेन, मीही जाते. पण माय वावरात गेली म्हणून पोरगी घरी राहिली पाहिजे, हा हिशेब कुणी घातला?

घरात दुसरं माणूस नसतं का? असतं. हे दिवस जागलीचे. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) हातातलं पीक एका रात्रीत लोळवतात, म्हणून पुरुष माणूस मचाणावर झोपायला जातो. झोप कसली, डबे बडवत, बॅटरी फिरवत रात्र काढायची. मी त्या कष्टाला कमी लेखत नाही. पण तो माणूस सकाळी सहा-साडेसहाला घरी येतो. पोरीची बस येते त्याच्या बऱ्याच नंतर. म्हणजे ज्या वेळेसाठी पोरीला घरी ठेवलं जातं, त्या वेळी घरात एक मोठं माणूस हजर असतं. त्यानं चहा ठेवावा, भात टाकावा, पोरीला डबा भरून द्यावा आणि मग दुपारपर्यंत झोपावं. आमच्या घरी असंच चालतं. आमचे हे जागलीवरून आले की चूल पेटवतात, आलू-वांग्याची भाजी फोडणीला टाकतात, भाकरी मी रात्रीच करून ठेवलेल्या असतात. सुरुवातीला शेजारच्या बाया बघायला यायच्या. आता त्यातल्या दोघींच्या घरी तसंच होतं.

स्वयंपाकही या दिवसांत कमी करता येतो. दोन्ही वेळा भाजी-वरण-भात-पोळीचा आग्रह कशाला? सकाळी बेसन-भाकर आणि संध्याकाळी खिचडी खाऊन कुणाची तब्येत उतरत नाही. नवरात्रात घट बसले की नैवेद्य आणि उपासाचं दुसरं रांधणंही पोरीवरच येतं. देवीला गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य चालतो. कोहळ्याची बोंडं आणि पुरणाचं जेवण दिवाळीत करू. सीताफळं बांधावरच पिकत असतात, येताना चार आणली की लेकरं खूश.

खरी अडचण आहे ती लहान लेकराची. अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढचं मूल बसतं, तेही काही तासच. त्याहून लहान असेल तर घरपोच खाऊची पाकिटं मिळतात, पण सांभाळणारं कुणी नसतं. बहुतेक पोरींची शाळा याच लेकरासाठी बुडते. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात एक चांगली गोष्ट लिहिलेली होती: कामावर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त लेकरं असली, तर एका बाईनं ती सांभाळायची आणि तिला मजुरी मिळायची. खाजगी वावरात हे कुणी करत नाही. पण गुत्ता घेणाऱ्या टोळीला हे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही. टोळीतली एक वयस्क बाई, जिला वाकून विळा चालवणं आता जमत नाही, तिनं बांधावरच्या पळसाच्या किंवा बाभळीच्या सावलीत लेकरं सांभाळायची, आणि गुत्त्याच्या पैशात तिचा वाटा धरायचा. मात्र सावलीची जागा आधी काठीनं झोडून साफ करायची, या दिवसांत साप-विंचू असतात. पाण्याची कळशी आणि अंथरायला जाड सतरंजी न्यायची. आमच्या टोळीत मागच्या हंगामात आम्ही हे केलं. वाटा किती धरायचा यावरून पहिल्या दिवशी थोडी कुरबूर झाली, मग सगळ्यांना पटलं, कारण माय जवळ असली की लेकरूही कमी रडतं.

एक मावशी मला म्हणाल्या, "पोरीले शिकून तरी काय करा लागते वं, हातचं काम तं आलं पायजे." मी म्हटलं, "काम तं तिले येतेच मावशी. पन बुडाली शाळा वापस येत नाई." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची नात बसला दिसली. मला फार बरं वाटलं.

शाळेचाही यात वाटा आहे. विदर्भात ऊन जास्त म्हणून शाळा बाकी महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या शेवटी भरतात. म्हणजे इथल्या हवामानाप्रमाणे वेळ बदलता येते. मग सोंगणीच्या दिवसांत निदान एवढं व्हावं, की पोरगी लागोपाठ दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी घरी यावं. हजेरीपटावर फुली मारून थांबू नये. परीक्षा पुढे ढकला असं मी म्हणत नाही, कारण वेचणी तर पुढेही चालूच असते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि सदस्यांत निम्म्या बाया. आपल्यापैकी कितीतरी जणींचं नाव त्या समितीत आहे, फक्त सहीपुरतं. घट बसायच्या आधीच्या बैठकीत हा विषय मांडा. गेल्या वर्षीचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हजेरीपट मागा, पोरींची आणि पोरांची हजेरी शेजारी शेजारी लावून पाहा. आमच्या गावात मी ते मागितलं आहे. गुरुजींनी काढून ठेवतो म्हटलं आहे. ज्यांच्या गावात असं आधीच केलं असेल, त्यांनी काय निघालं आणि पुढे काय केलं ते इथे लिहा.