लो बीमच आभाळात, मग डिपर मारून उपयोग काय?

कोल्हापूरच्या गगनबावडा रोडनं रात्री बालिंग्याच्या पुढं जायचं म्हटलं की आता धास्ती वाटते. समोरून येणारी गाडी पांढराफेक उजेड थेट डोळ्यांत मारत येते. आपण डिपर मारून खुणावलं तरी फरक शून्य, कारण हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब कोंबल्यानं तिचा लो बीमच, म्हणजे रस्त्यावर पडायचा खालचा झोतच, वर गेलेला! परवा असाच एका जीपचा झोत तोंडावर आला आणि काही म्हणजे काही दिसेना. ती गेली, तर पुढ्यात उसाची ट्रॉली. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ब्रेक लागला म्हणून वाचलो.

अरे, हॅलोजनच्या दिव्यातला आरसा त्या बल्बच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो! एच-फोर बल्ब, म्हणजे लो आणि हाय बीमच्या दोन तारा एकातच असलेला बल्ब, हातात घेऊन बघा. लो बीमच्या तारेखाली पत्र्याची बारीक वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते, नाहीतर तोच आरशावर आपटून वर उडाला असता. त्या जागी कसलाही एलईडी कोंबला, त्याची चिप जराशी इकडंतिकडं बसली, की उजेड फुटलाच. मग तुम्हाला 'लई भारी' दिसतंय आणि समोरचा आंधळा.

दुकानात गेलं की एकच भाषा, वॉट किती नि पांढरा किती. दिवा रिफ्लेक्टरचा (आरशाचा) की प्रोजेक्टरचा (भिंगाचा), कुणी विचारत नाही. बल्ब बसवला, पैसे घेतले, विषय संपला. भिंतीसमोर गाडी लावायला कितीसा वेळ लागतो? सपाट जागा, टायरांत बरोबर हवा, सीटवर ड्रायव्हर, भिंत १० मीटरवर. दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीवर भिंतीवर खूण करायची. लो बीमची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली यायला पाहिजे. आपण डावीकडून चालतो, म्हणून ती कड डाव्या बाजूला वर चढते, उजवीकडं खालीच राहते. कड दिसतच नसेल, नुसता पसरट उजेड पडत असेल, तर दिव्याचा झोत जुळवायचा स्क्रू पिळून काही होत नाही. तो बल्ब काढा आणि कंपनीचा हॅलोजन परत लावा! एलईडीच पाहिजे असेल तर तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असलेला अख्खा दिवा घ्या.

आणि मागं पाच माणसं नि डिकीत पोती भरली की गाडीचं नाक वर होतं. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ झोत खाली-वर करायचं लेव्हलिंगचं चाक असतं, ते फिरवायला काय होतंय?

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम याच्यासाठीच आहे. ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोतानं दिपवायचं नाही. हेल्मेट नसलं की चौकात अडवतात, मग हे डोळे फोडणारे दिवे कुणालाच दिसत नाहीत का? रात्री नाक्यावर उभं राहून तपासा की! आणि भावांनो, भिंतीवर झोत जुळवून दिल्याशिवाय बल्बवाल्याच्या हातावर एक रुपया ठेवू नका.