‘डबा’ म्हणणाऱ्या वाचकास

प्रीमियर पद्मिनीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: लेख म्हणजे ‘आठवणींचं लोणचं’, गाडी म्हणजे ‘उन्हात दर सिग्नलला बंद पडणारा डबा’ (तेही २०१० नंतरच्या मुंबईच्या टॅक्सीच्या अनुभवावरून) आणि शेवटी ‘काका, चष्मा बदला’.

आधी माझी चूक. १९६४ सालच्या गाडीला मी पद्मिनी म्हटलं. ती फियाट ११०० डिलाइट; पद्मिनी हे नाव १९७४ नंतरचं. दुरुस्ती केली आहे. माझ्या चष्म्याचा नंबर मात्र कोणी विचारला नव्हता.

आता तो डबा. उन्हात बंद पडायची ती व्हेपर लॉकमुळे. टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ओढणारा पंप इंजिनच्या ब्लॉकलाच बसवलेला. मे महिन्यात गाडी ट्रॅफिकमध्ये रखडली की रेडिएटरला समोरून वारा नाही, आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन हळू फिरताना, पंखाही मंद. पंप तापतो आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपातला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ढकलणारा पडदा, ती वाफच दाबत बसतो; पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर कोरडा. उपाय? पंपावर ओलं फडकं आणि दहा मिनिटं दम. दुखणं मुळातलं आहे, नाकारत नाही. पण ते त्या काळच्या कार्ब्युरेटरवाल्या बऱ्याच गाड्यांना होतं. रोजच होत असेल तर गाडीपेक्षा मालक तपासा. पंप आणि ब्लॉकमधलं जाड पॅकिंग जाऊन तिथे कागदी पॅकिंग आलेलं असतं, नाहीतर पंख्याचा पट्टा ढिला असतो. अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच दबावा, जास्त नको.

आणि गंमत म्हणजे तुम्ही सांगताय २०१० नंतरच्या टॅक्सीबद्दल! अहो, त्या बहुतेक सीएनजीवर होत्या. डिकीत सिलिंडर, म्हणून तर बॅगा टपावरच्या कॅरिअरवर. गॅसवर चालणाऱ्या गाडीला पेट्रोलची वाफ अडवेल कशी? तिचं दुखणं वेगळं. कोरड्या गॅसने व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीट झिजतात, व्हॉल्व्ह आत बसत जातो, टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह पुरता मिटावा म्हणून ठेवलेली फट, संपतो. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि गाडी आयडलिंगला मरते. गॅप वेळेवर लावला असता तर मेली नसती. इतकी वर्षं हेच टॅपेट लावतोय, तेव्हा मला ‘आठवणी’ शिकवू नका.

स्टिअरिंगजवळचा गिअर अडकत असेल तर लिंकेजचे, म्हणजे गिअरच्या दांड्यांच्या जोडातले, बुश बदला.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरली तेव्हा, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, रस्त्यावरून उतरली. मुदतीने उतरवली, ‘डबा’ झाली म्हणून नव्हे.

पुन्हा एखादी पेट्रोलवरची पद्मिनी बंद पडलेली दिसली तर इंजिन निवू द्या, कॉइलची वायर काढा, कार्ब्युरेटरकडची नळी बाटलीत सोडा आणि स्टार्टर मारायला सांगा. पेट्रोल झटक्या-झटक्याने आलं तर पंप ठीक. मग ठिणगीचे पॉइंट आणि कंडेन्सर बघा. तेवढं बघून झाल्यावर खुशाल डबा म्हणा.