एक नोटीस पाठवली की रॉयल्टी मिटली म्हणे!

आमच्या कोथरूडच्या मामांनी फॉरवर्ड पाठवला, वर लिहिलं, ‘आपल्याला जमेल की रे!’ घरी भावगीतांच्या कॅसेटींनी कपाट भरलेलं, त्यामुळे मोह साहजिक. मेसेजचं म्हणणं असं: इंटरनेट रेडिओ काढा, कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-ड खाली (मालकाच्या परवानगीविना, ठरलेल्या दराने गाणी प्रसारित करू देणारं कलम) रेकॉर्ड कंपनीला नोटीस द्या, एफएमसारखे उत्पन्नाचे २ टक्के भरा. ६० वर्षांपूर्वीची गाणी फुकट. ३० सेकंदांपर्यंत काहीच लागत नाही, आणि कलाकाराचं नाव घेतलं की झालं.

शेवटच्या दोन्ही निव्वळ थापा. ३० सेकंदांची सूट भारतीय कायद्यात नाही, आणि नाव घेणं म्हणजे परवानगी नव्हे.

नोटिशीची गोष्ट जास्त घातक, कारण तिला सरकारी कागदाचा टेकू आहे. टेकू खरा आहे, तेवढं मान्य. ३१-ड मध्ये इंटरनेटही येतं, असं पत्रक केंद्राने २०१६ मध्ये काढलं होतं. पण २०१९ मध्ये टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक हे गाण्यांचं अॅप या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ते पत्रक बाजूला सारलं आणि हे कलम रेडिओ-टीव्हीपुरतंच आहे, इंटरनेटला नाही, असा निकाल दिला. २०२२ मध्ये खंडपीठानेही तो उचलून धरला. मेसेजवाल्याचं वाचन २०१६ लाच आटोपलेलं दिसतं! ते २ टक्केही २०१० च्या आदेशातले, एफएमच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नावरचे. मामांना मात्र कंपनी मागेल तो दर, आणि ती नाही म्हणाली तर नोटिशीने काही होणार नाही.

अमेरिकेत दर ठरवणारं मंडळ तरी आहे. २००७ मध्ये त्याने दर वाढवले तेव्हा तिथल्या इंटरनेट स्टेशनांनी २६ जूनला दिवसभर गाणी बंद ठेवली. आपल्याकडे भांडायला दरच नाही.

६० वर्षांचं अर्धं खरं आहे. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतात. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १९५५ मध्ये सुरू झालं, म्हणून मामांनी ते मोकळं धरलं. गदिमा गेले १९७७ मध्ये, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. बाबूजी २००२ मध्ये गेले, म्हणजे चाल थेट २०६२ पर्यंत.

मामा, आधी आयपीआरएसला (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) आणि कॅसेटवर नाव आहे त्या कंपनीला ईमेल टाका, दर लेखी मागवा. सर्व्हरचे पैसे त्यानंतर भरा.