उभ्या गाडीला घासून जाण्याचा जीवघेणा सल्ला

सायकलस्वारांसाठी 'सुरक्षेच्या सूचना' म्हणून एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचं सार असं: सायकल लेनमध्ये गाडी उभी असेल तर तिच्या अगदी कडेने निघा, मोटारींच्या लेनमध्ये शिरू नका. जमलं तर उलट दिशेने चालवा, म्हणजे समोरची वाहनं दिसतात. आणि गाडी दोनच मिनिटं उभी असते, उगाच बाऊ करू नका. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण हे ऐकून कुणी सायकल चालवू नये.

सगळ्यात घातक आहे ते 'अगदी कडेने'. मोटारीचा दरवाजा पूर्ण उघडला की साधारण मीटरभर जागा अडवतो. ताशी 20 किलोमीटर वेगाने तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता, म्हणजे एका मोटारीच्या लांबीहून जास्त. दरवाजा हलला हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर आवळेपर्यंत तुम्ही त्याच्यावर आदळलेले असता. दरवाजा चुकवायला म्हणून दचकून हँडल वळवलं, तर थेट मागून येणाऱ्या गाडीपुढे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या अधिकृत पुस्तिकेत, 2022 पासून सायकलस्वारांना स्पष्ट सांगितलं आहे की उभ्या गाड्यांपासून दरवाजाच्या रुंदीइतकं किंवा 1 मीटर अंतर ठेवा. मोटारीत बसलेल्यांनाही सांगितलं आहे की शक्य असेल तिथे दरवाजापासून लांबच्या हाताने तो उघडा. लांबचा हात पुढे आला की खांदा वळतो आणि नजर मागे जाते. फुकटातला उपाय आहे, पण फिरणाऱ्या मजकुरात मोटारवाल्यांसाठी एक ओळही नाही.

मग मोटारींच्या लेनमध्ये शिरायचंच नाही, तर जायचं कुठून? शिरावंच लागतं, प्रश्न कधी आणि कसं एवढाच आहे. गाडी अडवून उभी आहे हे तीसेक मीटर आधी दिसलं की तेव्हाच मागे वळून बघा, हात दाखवा, फट मिळाली की हळूहळू बाजूला सरका आणि सरळ रेषेत पुढे जा. मागच्या चालकाला तुम्ही काय करणार हे आधीच कळतं. गाडीच्या बंपरपाशी पोचून ऐनवेळी कट मारणारा सायकलस्वार त्याला दिसतच नाही. दोन-तीन गाड्या अंतराअंतराने उभ्या असतील तर मधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करू नका, कारण दर वेळी तुम्ही उभ्या गाडीआड झाकले जाता.

उलट दिशेचं गणित तर मजकूर लिहिणाऱ्याने केलेलंच दिसत नाही. मोटार 40ने आणि तुम्ही 20ने एकाच दिशेला असाल तर वेगातला फरक 20. समोरासमोर आलात तर तोच 60. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे नऊपट. शिवाय वळणारा चालक त्या बाजूला बघतच नाही.

'दोन मिनिटं' हा युक्तिवाद गाडी उभी करणाऱ्याच्या घड्याळाने मोजलेला आहे. तेवढ्यात तिथून जाणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराला वेगवान रहदारीत शिरावं लागतं, त्यात शाळकरी मुलंही आली. चारही दिवे लुकलुकत ठेवले की माफी मिळाली असं अनेकांना वाटतं. मागून बघताना त्यातलं एका बाजूचं इंडिकेटर दुसऱ्या गाडीआड झाकलं, तर ही गाडी थांबली आहे की निघते आहे हेही कळत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य. मागून गाड्यांची रांग लागली असेल आणि फटच मिळत नसेल, तर थांबा, उतरा, सायकल हातात धरून फुटपाथवरून चालत पुढे जा. बस किंवा ट्रक थांबला असेल तर त्याच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीतून मात्र कधीच घुसू नका. बसमधून माणसं तिथेच उतरतात, आणि वाहन वळलं तर चालकाला तुम्ही दिसत नाही.