कोपरा गोल म्हणजे पाइप कमजोर?

"स्टेनलेसचा चौकोनी पाइप घेताना कोपऱ्यावरून बोट फिरवा. धार लागली तर माल अस्सल. कोपरा गोल असेल तर तिथला माल खाल्लाय, पाइप लवकर वाकणार. आणि कोपऱ्याला चुंबक चिकटलं तर तो ३०४ ग्रेडचं स्टेनलेस नाहीच." हा सल्ला आत्मविश्वासाने पुढे ढकलला जातो आणि त्यापायी चांगला पाइप परत जातो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

धारेपासून सुरुवात करू. चौकोनी पाइप बहुधा गोल नळीतूनच जन्मतो. पट्टी रोलांमधून वळते, शिवण वेल्ड होते आणि मग चारही बाजूंचे रोल त्या नळीला दाबून चौकोनी करतात. कोपरा गोल राहणं ही या घडणीची खूण आहे. साध्या पोलादाच्या अशाच पाइपांसाठी असलेलं युरोपीय मानक ईएन १०२१९ तर ६ मिमीपर्यंतच्या जाडीला कोपऱ्याची बाहेरची त्रिज्या जाडीच्या १.६ ते २.४ पट मागतं. म्हणजे ३ मिमी जाडीला साधारण ५ ते ७ मिमी. पट्ट्या लेझरने जोडून केलेले खरोखर धारदार चौकोनही मिळतात, पण ती वेगळी वस्तू आहे.

आता "कमजोर". आतली त्रिज्या जाडीइतकी असेल तर वळताना बाहेरचा थर सुमारे ३३ टक्के ताणला जातो. जाडीच्या निम्मी केली तर ५० टक्के. ३०४ च्या पत्र्याकडून ओढ-चाचणीत किमान ४० टक्के लांबण्याची अपेक्षा असते. वाकवताना तो याहून जास्त सोसतो हे खरं, पण त्रिज्या जितकी लहान कराल तितकं तडा जाण्याच्या जवळ जाता. शिवाय पाइपला पीळ पडला की आतल्या टोकदार कोपऱ्यातच ताण साचतो. गोलाई तो पसरवते. आणि स्टेनलेस थंड असताना वळवलं की कडक होतं, त्यामुळे गोल कोपऱ्यातलं पोलाद सपाट बाजूपेक्षा जास्त ताकदीचं असतं.

"माल खाल्ला" हा आरोप मोजून पाहण्यासारखा आहे. ५० × ५० × ३ मिमीचा पाइप घ्या. कोपरे पूर्ण काटकोनी धरले तर छेदाचं क्षेत्रफळ ५६४ चौरस मिमी. बाहेरची त्रिज्या ६ आणि आतली ३ धरली तर ५४१. फरक ४ टक्के, मीटरमागे ४.४६ ऐवजी ४.२७ किलो. नेहमीचं सूत्र, बाजूतून जाडी वजा करून चौपट करायची आणि पुन्हा जाडीने गुणायचं, हे काटकोनी कोपराच धरतं. म्हणून काट्यावर वजन कमी भरलं की फसवल्यासारखं वाटतं. खरी चोरी जाडीत होते. ३ सांगून २.७ दिला की सुमारे ९ टक्के माल गेला, आणि ते कोपऱ्यावर बोट फिरवून कधीच कळणार नाही. टोकावरची बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत कड, काढा, शिवणीपासून लांब, सपाट बाजूच्या मध्यावर मायक्रोमीटर लावा.

चुंबकाचं उत्तर थोडक्यात: थंड वळवताना ३०४ च्या रचनेचा थोडा भाग मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची एक कडक अंतर्गत रचना, होतो, आणि मार्टेन्साइट चुंबकाला ओढतं. ते कोपऱ्यात जास्त होणार, कारण वळणही तिथेच जास्त. ग्रेड ठरवायचा तर रासायनिक तपासणी करा.

गोल कोपरा एका ठिकाणी मात्र खरंच त्रास देतो, आणि ते वेल्डर मंडळी बरोबर सांगतात. ५० च्या पाइपवर ५० चाच पाइप टी-जोडात उभा केला की खालच्याची सपाट रुंदी फक्त ३८ मिमी उरते. उभ्याच्या दोन भिंती वळणावर येतात. तिथली फट आतल्या बाजूला जेमतेम १ मिमी, तर बाहेरच्या कडेला ६ मिमी. ती नुसत्या फिलरने (वेल्डमध्ये वितळवून भरायच्या धातूने) बुजवली तर उष्णता जास्त जाते आणि पाइप ओढला जाऊन वाकडा होतो. उभ्या पाइपचं टोक त्या वळणाबरहुकूम कापून घ्या, किंवा वर ३८ हून अरुंद पाइप वापरा, म्हणजे चारही भिंती सपाटावर बसतील.