मिक्सरची तलवार आणि डुकराच्या नाकाचा ऑर्क

काल कट्ट्यावर फ्रीरेन या जपानी ॲनिमे मालिकेचा विषय निघाला, म्हणजे केतकी सगळे एपिसोड संपवून आलेली आणि अंगात आल्यासारखी बोलत होती, तर मंद्या नेहमीसारखा मध्येच, "त्यात जपानी काय आहे पण? एल्फ, ड्वार्फ, जादूगार, सगळं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनच्या घरचं सामान."

मी म्हटलं, अरे निघालं तिथूनच, पण वाटेत कुठे कुठे मुक्काम करत गेलं ते बघ ना. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं जपानी भाषांतर १९७२ पासून येत होतं, तरी पोरांना खरं वेड लावलं गेम्सनी. विझर्ड्री, १९८१चा ॲपल टू वरचा अमेरिकन गेम, त्यात एक तलवार होती, ब्लेड क्युझिनार्ट. आता क्युझिनार्ट म्हणजे तिकडचा फूड प्रोसेसर, सरळसरळ टिंगल होती ती, पण जपानी पोरांना कुठे काय माहीत, त्यांना वाटलं कुठल्यातरी थोर लोहाराने घडवलेली तलवार, आणि ते मनापासून तिच्या मागे लागले.

सुज्याला चहाचा ठसकाच लागला. "म्हणजे आपल्याकडे सुमीतचं खड्ग!"

"म्हणजे कळलंच नाही त्यांना," मंद्या खूश.

तेच तर! न कळण्यातूनच मजा आलीये. ऑर्क घे, टॉल्किनच्या गोष्टींतला तो दुष्ट राक्षस. टॉल्किनकडे डुक्कर कुठाय? डंजन्स अँड ड्रॅगन्स, तो टेबलाभोवती बसून पात्रं बनून खेळायचा अमेरिकन खेळ, त्याच्या १९७७च्या राक्षसांच्या पुस्तकात कुणीतरी त्याला डुकराचं नाक काढलं, पुढे अमेरिकेत ते नाक गेलं, जपानात अजून आहे.

"आणि एल्फचे ते हातभर कान?" केतकी. ते लोडोसचे, म्हणजे 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' या जपानी गोष्टीचे. १९८६ला काही मित्र डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत बसले, त्यांचा खेळ संवादांसकट कॉम्पटिक या जपानी मासिकात छापून यायचा, आपण इथे बसून बडबडतो तसंच साधारण, फक्त आपलं कोणी छापत नाही. त्यातली एल्फ डीडलिट, ती चित्रकार इझुबुचीने लांब कानांची काढली आणि मग सगळ्यांचेच कान वाढले. बाय द वे, खेळताना डीडलिट झालेला एक बाप्या होता.

मंद्या तरी ऐकेना, "कान लांब केले म्हणजे नवीन झालं?"

मग सुज्याचा सांडलेला चहा होता कट्ट्यावर, त्यात बोट बुडवून मी आधी नुसता गिचका काढला. हा अमेरिकन गेम्समधला स्लाइम राक्षस, किळसवाणा. ड्रॅगन क्वेस्ट या जपानी गेमच्या वेळी, १९८६लाच, तो बनवणाऱ्या होरीईनेही साधारण असाच काहीतरी ढीग काढून ड्रॅगन बॉलवाल्या चित्रकार तोरियामाला दिला. तोरियामाने काय केलं, वर टोक, दोन डोळे, आणि हसू. झाला थेंब. हा कुठल्या टॉल्किनने लिहिला सांग.

मंद्या त्या थेंबाकडे बघत बसला. काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात टपरीवाल्या काकांनी फडकं मारलं.